चार बोटं

गावाचं नाव एल्डर्स फर्नेस, पेनसिल्व्हेनिया.
भट्टी विझून चाळीस वर्षं झाली, नाव अजून गरम आहे,
निदान नोव्हेंबरातल्या शुक्रवारी रात्री.

मी इथला औषधवाला.
ढवळीकर म्हणता येत नाही, म्हणून मिस्टर डी.
अकरा हंगाम झाले, हायस्कूलच्या मैदानाकडेला
नारिंगी बंडी घालून
साखळीचं पुढचं टोक मी धरतो.
मागचं धरतो वॉल्ट ह्रुस्का, न्हावी.
दहा यार्डांची साखळी. तीस फूट.

तात्यांची तेहतीस फुटांची होती, सोळा आण्यांची.
ते मोजणी खात्यात.
मे महिन्यात बांधाबांधानं हिंडताना
टोक धरायला मला न्यायचे.
ताठ धर, म्हणायचे,
ढिल्या साखळीत कुणाचं तरी रान जातं.
मला तेव्हा फक्त तहान लागलेली असायची.

काल सतरा-वीस. आपण सतरा.
(मी ‘आपण’ म्हणतो. कधीपासून, ते आठवत नाही.)
एक मिनिट नऊ सेकंद उरलेले.
बरोबरीची किक मारायला अंतर फार,
चौथा आणि शेवटचा डाव, दोन यार्ड हवेत.
बॉल कोल्टन पेट्राककडे. चौतीस नंबर.
तो मान घालून घुसला,
आणि त्याच्यावर सगळं पेनसिल्व्हेनिया पडलं.

पंचांनी एकेकाला उपसून काढलं.
तळाशी कोल्टन, बॉल पोटाशी,
पावसात लेकरू झाकावं तसा.

मग आम्हाला खूण झाली.

दोन हजार माणसं आणि एकाचाही खोकला नाही.
बँडमधल्या ट्यूबावाल्याला कळलं नव्हतं,
तो अर्धी ओळ एकटाच वाजवत राहिला.
वॉल्ट मागे काठी रोवून बसला.
मी साखळी ओढत पुढे गेलो.
मधली एक कडी दुमडून अडकली होती,
जुनीच खोड तिची,
बारकासा झटका दिला की सुटते.
न दिला तर साखळी आखूड.
साधारण चार बोटांनी.

मी झटका दिला.
विचार करून दिला असं सांगायला मला आवडेल.
हात आपोआप गेला.

काठी आणि बॉलचं नाक, मध्ये
चार बोटं.

नंतर त्यांनी तीनदा गुडघा टेकला
आणि घड्याळ संपवलं.

मी साखळी गुंडाळत होतो तेव्हा कोल्टन आला.
‘मिस्टर डी, किती होतं?’
पंचांनी दाखवलं होतं, सगळ्या गावानं पाहिलं होतं,
तरी मी हात पुढे केला.
त्यानं ग्लव्ह दातांनी ओढून काढला,
माझ्या बोटांना आपली बोटं लावून पाहिली.
चिखलाची, जाड, सतरा वर्षांची बोटं.
‘माझ्या हातानं तीनच,’ म्हणाला.
हेल्मेटच्या आत हसला की काय, कळलं नाही.

आज शनिवार. दुकान नऊला उघडलं.
पहिल्या आल्या कोल्टनच्या आजी,
रक्तदाबाच्या गोळ्या, महिन्याच्या.
मी निळ्या ताटलीत पाच-पाच सरकवत होतो.
‘वॉल्ट म्हणत होता, कडी अडकली होती.’
पंधरा. वीस.
‘हो,’ मी म्हणालो.
पंचवीस.
बाहेर कुणीतरी काचेवरचा ‘जिंका’ खरवडत होतं,
पांढरा रंग सालींसारखा निघत होता.
तीस.
‘एकदा परत मोजू?’
‘कशाला,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही मोजलंय ना.’

पिशवी उचलली,
पण लगेच गेल्या नाहीत.